बारा वाजता न सांगितलेली गोष्ट

गोव्यात भाषेवरून वातावरण तापलं त्या वर्षी मी नौदलात लेफ्टनंट होतो, इंजिनिअरिंग शाखेत. सुट्टीवर धारगळला आलो होतो. सहा दिवस बाकी असताना तार आली. अठ्ठेचाळीस तासांत मुंबईला हजर व्हायचं, नेमणूक वाफेवर चालणाऱ्या एका फ्रिगेट युद्धनौकेवर. आईने सोलकढी केली होती, ती तशीच राहिली. दुपारी साडेतीनला हायवेवर उभा राहून मी मिळेल त्या गाडीला हात केला. एका ट्रकने सावंतवाडीपर्यंत नेलं.

एस.टी.ची वाट पाहत बसणं मला जमलं नसतं. मला बसवतच नाही. हे लिहितानाही तीनदा उठून आलोय, एकदा तर शेजाऱ्यांचा पाण्याचा पंप का कुरकुरतो ते बघायला. शेजारीण म्हणते, ह्यांना निवृत्त कोणी केलं? पण ही खोड जन्मापासूनची नाही. ती कधी लागली ते मला तासामिनिटांसह ठाऊक आहे, आणि तेच सांगायचं आहे.

लोक विचारतात, समुद्रावर कसं वाटायचं? मी सांगतो, हरमलच्या रापणवाल्यांना, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांना, विचारा. इंजिनवाल्याला समुद्र दिसत नाही. तो पाण्याच्या पातळीखाली असतो, पत्र्याच्या पेटीत, पंचेचाळीस अंशांत. डोक्यावर पाइप, पायाखाली जाळीची फरशी, कानात सतत घरघर. चार तासांचा वॉच, म्हणजे पहारा. चार तास यंत्रांभोवती फिरायचं, प्रत्येक बेरिंगला हात लावायचा, घड्याळं वाचायची, दर तासाला लॉगमध्ये आकडे भरायचे. चार तासांनी दुसरा येतो. त्याला सगळं दाखवायचं, लॉगवर सही करायची आणि शिडी चढून वर जायचं.

आमच्या जहाजावर सकाळी आठ ते बारा माझा वॉच असायचा. बाराला मला सोडवायला यायचा चीफ आर्टिफिसर पुंडलिक मळीक. आर्टिफिसर म्हणजे नौदलातला यंत्राचा कारागीर, आणि चीफ म्हणजे त्यांच्यातला मुरलेला. वयाने माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा, हुद्द्याने खाली. डिचोलीच्या पुढे नदीकाठी सारमानस आहे, तिथला. त्याचे वडील खनिज वाहून नेणाऱ्या बार्जीवर तीस वर्षं इंजिन ड्रायव्हर होते. मळीक शाळेत जायच्या आधी इंजिनात गेला होता असं तो स्वतःच सांगायचा.

पहिल्याच दिवशी त्याने माझी परीक्षा घेतली. मी घड्याळं बघत होतो. त्याने खिशातला लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक पंपाच्या बेरिंगवर टेकवलं, मूठ माझ्या कानाला लावली.

"काय ऐकू येतंय, सर?"

"घरघर."

"घरघर सगळ्यांनाच ऐकू येते. तिच्या खाली काय आहे?"

मला तिच्या खालचं ऐकू यायला दोन महिने लागले. पदवी होती, लोणावळ्याचं प्रशिक्षण होतं, कागदावर टर्बाइन उलगडून दाखवता येत होतं. कान मात्र मळीकने दिला.

आणि त्यानेच एक पद्धत घातली. ती कुठल्याही पुस्तकात नाही. लॉगमध्ये आकडा लिहिता येतो, शंका लिहिता येत नाही. बेरिंग मर्यादेच्या आत आहे पण हाताला वेगळं लागतंय, याला रकाना नसतो. लिहिलं तर वरून विचारणा, की पुरावा काय? म्हणून सही झाली की आम्ही दोघं शिडीच्या पायथ्याशी, हवेच्या नळाखाली उभे राहायचो. तिथे गार वारा यायचा आणि बोललेलं ऐकू यायचं. मळीक घाम पुसत म्हणायचा, "हां बाब, पोटांतलें सांग."

मग मी पोटातलं सांगायचो. दोन नंबरचं बेरिंग जरा तापट आहे. डाव्या बॉयलरची बत्ती मध्येच चाचरते. संध्याकाळी चारला खलाशांतला दुसरा एक चीफ त्याला सोडवायला यायचा, त्यालाही मळीक असंच सांगायचा. माझ्यासारख्या ऑफिसरला एका कारागिराने "पोटांतलें सांग" म्हणणं शिस्तीत बसत नव्हतं. पण वरचा "सर" तिथे खाली "बाब" व्हायचा आणि मला ते आवडायचं. दोन मिनिटं का होईना, घरच्यासारखं बोलणं व्हायचं. तो उंड्याची, आमच्याकडच्या कडक पावाची, आठवण काढायचा. मेसमधल्या पावाला तो कापूस म्हणायचा.

मग गोव्यातून टपाल यायला लागलं. माझे वडील पेडण्यात मराठी शाळेत मास्तर. त्यांच्या पत्रात शाळा, मोर्चे, मराठीला राजभाषा केलंच पाहिजे. मळीकच्या भावाच्या पत्रात कोकणी, घटक राज्य, रस्त्यावर आडवी टाकलेली झाडं. दोन्ही पत्रं एकाच थैलीतून यायची. आम्ही ती वाचून खाली उतरायचो आणि हवेच्या नळाखाली वाद घालायचो. सुरुवातीला गंमत होती. मळीकच्या वॉचवर परब नावाचा स्टोकर, म्हणजे बॉयलरवरचा खलाशी, असायचा, सिंधुदुर्गातला, चांगला बायकोमुलांचा माणूस. तो एकदा म्हणाला, "तुमी दोगव येकच बोलतास, मगे भांडतास कित्याक?"

आम्ही तिघंही हसलो.

एका दुपारी हसणं संपलं. माझ्या वडिलांच्या शाळेवर दगड पडल्याचं पत्र मला त्या सकाळी मिळालं होतं. कोणी टाकला ते त्यांनी लिहिलं नव्हतं, मी ठरवून टाकलं होतं. मळीकला मी म्हणालो की तुमच्या कोकणीत लिहिलेलं आहे तरी किती, राज्य चालवायला निघालात ते?

"तूं घरा आवयकडेन खंयचे भाशेन उलयता?" त्याने विचारलं, घरी आईशी कुठली भाषा बोलतोस ते.

"उलयतां तें वेगळें. बरयतां तें वेगळें," मी म्हणालो, म्हणजे बोलायची वेगळी, लिहायची वेगळी.

"म्हणजे आवयची भास बरोवपाक लायक ना?"

उत्तर नसलं की माणूस आवाज वाढवतो. माझ्याकडे आवाजापेक्षा मोठं हत्यार होतं, खांद्यावरच्या पट्ट्या.

"चीफ," मी इंग्रजीत म्हणालो, "अटेन्शन!"

तो टाचा जुळवून ताठ उभा राहिला, हातात तेलाचा बोळा तसाच. परबने मान फिरवली. मी शिडी चढून वर गेलो. दहा मिनिटांत मला कळलं होतं की मी हलकटपणा केला. पण परत खाली जाऊन तसं सांगायला आणखी एक शिडी उतरावी लागली असती, आणि ती मी उतरलो नाही.

दुसऱ्या दिवशी बाराला मळीक आला. लॉग वाचला, फेरी मारली, सही केली. "वॉच रिलीव्ह्ड, सर." बस. हवेच्या नळाखाली तो थांबला नाही, मीही नाही. त्यानंतर तो माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलला, आणि ड्यूटीपुरतं. एकोणीस दिवस हे चाललं. मी रोज ठरवायचो, आज बोलू.

विसाव्या दिवशी आम्ही सरावासाठी समुद्रात होतो. सकाळी दहा चाळीसला ब्रिजवरून, वर जिथून जहाज चालवतात तिथून, हुकूम आला.

"इंजिन रूम, ब्रिज. फुल अहेड बोथ."

"फुल अहेड बोथ. आय आय."

वेग चढला. बॉयलरला पाणी पुरवणारे आमचे दोन फीड पंप होते, वाफेवर फिरणारे. एक चालू, एक राखीव. चालू पंप पुऱ्या वेगाला आला आणि त्याच्या वाफेच्या पाइपाजवळ मला एक बारीक आवाज लागला. घरघरीच्या खाली. लांबून कोणी दातांतून हवा ओढावी तसा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. चहाच्या किटलीतून निघते ती वाफ दिसते. आमची वाफ दिसत नाही. ती इतकी तापलेली आणि इतक्या दाबाची असते की फटीतून निघाली तर हात कापला जातो आणि डोळ्यांना काहीच दिसलेलं नसतं. म्हणून ती झाडूने शोधतात. लांब दांड्याचा झाडू पाइपाभोवती फिरवायचा. काड्या तुटून उडाल्या की तिथे वाफ आहे असं समजायचं.

मी झाडू मागवला. वाफेच्या पाइपाच्या जोडाभोवती फिरवला. काड्या शाबूत राहिल्या. स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकलं. आवाज आहे असं वाटलं, नाही असंही वाटलं. दहा पंचावन्नला ब्रिजने वेग उतरवला आणि आवाज गेला. दाब ठीक, तापमान ठीक. अकराच्या रकान्यात मी आकडे भरले. सगळे मर्यादेत होते. शेरा लिहायच्या जागी मी काही लिहिलं नाही.

बाराला मळीक आला. लॉग वाचला. फेरी मारली. फीड पंपापाशी आम्ही दोघं उभे होतो, वेग कमी होता, पंप मुकाट होता. सही झाली.

"एनिथिंग एल्स, सर?"

त्याने हे विचारलं. एकोणीस दिवसांत पहिल्यांदा विचारलं. ते इंग्रजीतलं "पोटांतलें सांग" होतं, हे आज कळतं. तेव्हा मला त्यात टोमणा ऐकू आला. आता गरज लागली का, असं माझ्या मनात आलं.

"नथिंग, चीफ. कॅरी ऑन."

मी वर जाऊन जेवलो. वरण, भात, तळलेला बांगडा. काय जेवलो ते आठवतं याचा मला राग येतो.

एक वाजून पाच मिनिटांनी पुन्हा फुल अहेड झालं. पुढचं मला परबने सांगितलं. आवाज येताच मळीकने मान वर केली. परबला म्हणाला, राखीव पंप तापवायला घे, आणि बाकीच्या तिघांना पलीकडच्या टोकाला जायला सांगितलं. चालू पंप तडकाफडकी बंद करता येत नाही. पुऱ्या वेगात बॉयलरचं पाणी तुटलं तर काही मिनिटांत नळ्या जळून फुटतात. आधी दुसरा पंप हवा, आणि थंड पंप चालू व्हायला पंधरा मिनिटं लागतात. मळीकने ब्रिजला वेग कमी करायची विनंती केली आणि झाडू घेऊन स्वतः जोडापाशी गेला.

एक अकराला जोडाची गॅस्केट उडाली.

त्याने वाफेत शिरून स्टॉप व्हॉल्व्हचं चाक हाताने बंद केलं. साडेचार फेरे. ते बंद झालं म्हणून परब आणि ते तिघे शिडीपर्यंत पोचले. परबचा उजवा हात भाजला. मळीक चाकापाशीच होता.

घंटा वाजल्यावर मी धावत गेलो. हॅचमधून वाफ येत होती, आता ती पांढरी दिसत होती. एक चौतीसला आम्हाला आत जाता आलं. पहिला मी गेलो. तिथलं मी लिहिणार नाही.

चौकशीसाठी तीन ऑफिसरांचं बोर्ड बसलं. त्यांनी तो जोड उघडून पाहिला. वाफ फटीतून जात राहिली की लोखंडावर चर पडतात. त्या चरांवरून तज्ज्ञाने सांगितलं की गळती सहा मिनिटांची नव्हती, फार आधीपासून थोडी थोडी चालू असणार. मग त्यांनी लॉग उघडला. आठ ते बारा, स्वच्छ. माझी सही. म्हणजे गळती बारानंतर सुरू झाली असणार, आणि बारा ते एक अकरापर्यंत वॉचवर होता मळीक. त्याच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं आणि त्याने वेळ घालवला.

मला बोलावलं.

"तुमच्या वॉचमध्ये काही असाधारण?"

"लॉगमध्ये सगळं नोंदवलेलं आहे, सर."

"वॉच व्यवस्थित सोपवला?"

"येस, सर."

पुढचा प्रश्न आला नाही. मी सलाम करून बाहेर पडलो. खोटं बोललो नाही असं मी स्वतःला सांगत होतो. निष्कर्षात लिहिलं गेलं की वॉचवरच्या चीफकडून विलंब झाला.

त्याचं सामान घरी पोचवायचं होतं. कॅप्टन म्हणाले, तुम्ही गोव्याचे, तुम्ही जा. मी नाही कसं म्हणणार? धारगळला उतरलो तर हायवे बंद. म्हापशाकडे जाणारं काही नाही. एका ओळखीच्या पायलटने, म्हणजे आमच्याकडच्या भाड्याच्या मोटारसायकलवाल्याने, मला हळर्णला किल्ल्याखाली सोडलं. होडीने नदी ओलांडली. अस्नोड्यापर्यंत ट्रंक खांद्यावर घेऊन चालत गेलो, पुढे डिचोलीमार्गे सारमानस गाठलं. वाटेत दोनदा अडवलं. एकांनी मी कोकणीवाला की मराठीवाला ते विचारलं, दुसऱ्यांनीही तेच विचारलं. ट्रंकेवर मळीकचं नाव आणि हुद्दा रंगवलेला होता. तो वाचून दोन्ही ठिकाणी माणसं बाजूला झाली.

मळीकच्या वडिलांना सगळं सारमानस आबा म्हणतं. आबा व्हरांड्यात बसले होते. मळीकची आई आत होती, ती बाहेर आली नाही. लग्न त्याने केलं नव्हतं. आबांनी ट्रंकेकडे पाहिलंच नाही. त्यांना दुसरंच काही हवं होतं. डिचोलीतला एक खलाशी सुट्टीवर येऊन गेला होता आणि बोर्डाने काय लिहिलं ते गावात पोचलं होतं.

"लोक म्हणटात, पुंडलिकान उसीर केलो," आबा म्हणाले. मुलगा मेला हे त्यांनी कसंबसं पचवलं असावं. मुलाने इंजिनापाशी उशीर केला, हे त्यांच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. तीस वर्षं इंजिनावर काढलेला माणूस. त्यांनी नेमका प्रश्न विचारला, तीन ऑफिसरांना न सुचलेला. "आदीं आवाज येतालो? ताचे आदल्या वॉचांत?"

आदल्या वॉचवर कोण होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"ना," मी म्हणालो.

आबांनी तोंड नदीकडे वळवलं. एक भरलेली बार्ज खाली चालली होती.

"मागीर ताणें उसीर केलो तें खरेंच," ते म्हणाले.

मी उठलो. चहा घेतला नाही. रस्त्यापर्यंत जवळजवळ पळत गेलो.

तिथून माझं बसणं गेलं. मुंबईला किनाऱ्यावरच्या वर्कशॉपमध्ये बदली झाली, तिथे टेबल आणि खुर्ची होती, आणि मी दिवसभर उभा. जेवताना उठायचो. नाटकाला गेलो तर पंख्याचा आवाज ऐकत बसायचो. देवळात आरतीच्या वेळी मागच्या जनरेटरकडे कान. कोणी बोलायचं थांबलं की वाटायचं, याला अजून काही सांगायचं आहे. लोकांना मी विचारायला लागलो, आणखी काही? नक्की? हाताखालची माणसं वैतागली. वरिष्ठ म्हणाले, फार दक्ष अधिकारी. माझ्या गोपनीय अहवालात ते चांगल्या शब्दांत लिहिलं गेलं. मला ते वाचून स्वतःची किळस आली.

गोवा घटक राज्य झालं त्या दिवशी मी धारगळला होतो. कोकणी राजभाषा झालीच होती, मराठीलाही कायद्यात जागा मिळाली होती, आणि आमच्याकडे दोन्ही बाजूंचे लोक आपणच जिंकलो म्हणून पेढे वाटत होते. वडिलांनी मला पेढा दिला. तो हातात धरून मी उभा होतो. मळीकशी वाद घातला ती सगळी वाक्यं आठवली आणि त्यातलं एकही आता कुणाच्या कामाचं नव्हतं. मी पायलटला हाक मारली. या वेळी रस्ते मोकळे होते. डिचोलीत बाजारात फटाके वाजत होते.

आबा व्हरांड्यातच होते. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. आदल्या वॉचवर मी होतो. दहा चाळीसला आवाज आला होता. मी झाडू फिरवला, काही सापडलं नाही. बाराला सांगायला हवं होतं. त्याने विचारलंही होतं. आमचं भांडण होतं म्हणून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने बाराला राखीव पंप तापवायला घेतला असता, साडेबारापर्यंत पंप बदलला असता. मग एक वाजता तिथे काहीच झालं नसतं. आबा, पुंडलिकने उशीर केला नाही, मी तुमच्याशी खोटं बोललो.

मला वाटलं ते मारतील. मारावं असं मला वाटत होतं.

आबांनी विचारलं, "भांडण कित्याचें?"

"कोकणी-मराठीचें."

त्यांनी कपाळाला हात लावला. मग मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे कोरडे होते आणि आवाज इंजिन रूममधल्या माणसाचा होता, मोजका.

"हें म्हाका कित्याक सांगता? जांणीं बरयलां, तांकां सांग. आनी तोंडान न्हय. बरोवन दी."

मी परत जाऊन लिहून दिलं. दोन पानं, वेळांसकट, सहीसकट. माझ्या कमांडरने ती वाचून मला दार लावायला सांगितलं. "हे पुढे गेलं की तुझं काय होईल, कल्पना आहे?"

"येस, सर."

"चौकशी मिटली आहे. माणूस परत येणार नाही."

"त्याचं नाव येईल, सर."

त्यांनी कागद पुढे पाठवला. माझी पुन्हा चौकशी झाली, आणि ती योग्यच होती. मला "सिव्हिअर डिसप्लेजर"चं पत्र मिळालं, म्हणजे नौदलाने आपली तीव्र नाराजी लेखी कळवली. अशा पत्रानंतर माणूस वर चढत नाही. माझ्यासोबतचे कमांडर झाले, एकजण कमोडोर झाला. मी लेफ्टनंट कमांडर म्हणूनच घरी आलो. याबद्दल कोणी हळहळ व्यक्त केली की मी विषय बदलतो.

मळीकबद्दलचा निर्णय यायला चौदा महिने लागले. एक पान होतं, इंग्रजीत. नियमाने ते टपालाने गेलं असतं. मी परवानगी मागून स्वतः घेऊन गेलो.

सारमानसला पोचलो तेव्हा दुपारचे पावणेबारा झाले होते. आबा खूप वाळले होते. त्यांनी कागद हातात घेतला, शिक्का बघितला, उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली आणि मला परत दिला.

"वाच. म्हाका समजता तशें."

मी कागद उघडला. सरकारी इंग्रजी, लांबलांब वाक्यं. मराठीत सांगायला लागलो, तर शब्द अहवालातले यायला लागले. निष्कर्ष. विलंब. निर्दोष. आबा ऐकत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही पोचत नव्हतं. मी थांबलो. मग आईशी बोलतो तसं सुरू केलं. प्रत्येक वाक्य आधी डोळ्यांनी वाचायचं, मग तोंडाने जुळवायचं. मला वेळ लागत होता. आबांना घाई नव्हती.

"पुंडलिकान उसीर करूंक ना. वाफ सकाळच्या वॉचांतच सुटताली. त्या वॉचाचेर आशिल्ल्या ऑफिसरान तें सांगलें ना."

"ऑफिसर म्हळ्यार कोण?" आबांनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं.

"हांव."

"हां. फुडें."

"स्टॉप व्हॉल्व्ह पुंडलिकान आपल्या हातान बंद केलो. म्हणून चार जाण जिवे उरले."

पान संपलं. आबांनी डोळे मिटले होते. मला वाटलं त्यांना झोप लागली की काय. आत चुलीपाशी भांड्याचा आवाज येत होता, तो थांबला होता.

"परत वाच," डोळे न उघडता आबा म्हणाले. "ताची आवय भितर आसा. मातशें व्हडल्यान वाच."

मी जनेलापाशी, आतल्या खोलीच्या खिडकीपाशी, जाऊन उभा राहिलो आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचलं. पहिल्या ओळीत फक्त हुद्दा आणि नाव होतं. चीफ आर्टिफिसर पुंडलिक मळीक.